विजय दुर्गाच्या सेनापतींना

प्रति,
जनरल ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ, ईस्टर्न कमांड,
विजय दुर्ग, कोलकाता

महोदय,


फोर्ट विल्यमचा विजय दुर्ग झाला, सेंट जॉर्ज गेटचे शिवाजी गेट झाले, ही बातमी आम्ही नाशिककरांनी कौतुकाने वाचली. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने याच शहराने मराठा खंदक खणायला घेतला होता, हे आठवून थोडे हसूही आले. पण पत्रास कारण वेगळे आहे.

इथे नाशिकच्या गांधीनगरला आर्मी एव्हिएशनची शाळा आहे. तिथून छातीवर विंग्ज लावून निघालेले अधिकारी पुढे तुमच्या हद्दीतल्या डोंगरांत चीता हेलिकॉप्टर उडवतात. हेलिकॉप्टर शिकताना सगळ्यांत जिवावरचा धडा म्हणजे इंजिन बंद पडल्यावर उतरण्याचा, ऑटोरोटेशनचा. प्रशिक्षक इंजिन आयडलवर आणतो. शिकाऊ पायलटने तत्क्षणी डाव्या हाताने कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा दांडा, खाली दाबायचे. दचकण्यात क्षण गेला की पात्यांचा वेग घसरतो, आणि फार घसरला तर परत मिळत नाही. वेळेत दाबले, तर खालून येणारी हवाच पाती फिरती ठेवते. जमीन जवळ आली की नाक वर उचलून वेग मारायचा आणि पात्यांत उरलेला जोर खर्चून अलगद टेकायचे. तो जोर एकदाच वापरता येतो. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी जमिनीच्या थोडे वर असतानाच इंजिनाची ताकद परत घेतात आणि सराव तिथे संपवतात.

हा सराव बंद करा, असे मी म्हणणार नाही. चीताला इंजिन एकच. त्याने दगा दिला की हाच धडा कामी येतो. मात्र सपाट मैदानावर गिरवलेला धडा पूर्वेकडच्या विरळ हवेत, जिथे टेकायला हातभर सपाटी नाही तिथे, कितपत पुरतो? हे अपघातांच्या चौकशीतूनच कळणार. 30 नोव्हेंबर 2016 ला सुकन्यात चीता कोसळून तीन अधिकारी गेले. 27 सप्टेंबर 2019 ला भूतानमध्ये योंगफुलाजवळ दोघे गेले. त्यांतला एक भूतानच्या सैन्यातला, आपल्याकडे प्रशिक्षण घेणारा. मग अरुणाचलात ऑक्टोबर 2022 मध्ये तवांग, 16 मार्च 2023 ला मंडला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीची बातमी येते, निष्कर्षांची येत नाही.

याउलट, 4 नोव्हेंबर 2015 ला बॉम्बे हायजवळ रात्रीच्या सरावात पवनहंस कंपनीचे हेलिकॉप्टर समुद्रात पडले, दोन्ही पायलट गेले. तो अपघात मुलकी, म्हणून त्याचा चौकशी अहवाल कोणालाही वाचता येतो. त्याने कोणाचे काय बिघडले?

लष्करी गोष्टी गुप्त असतात, मान्य. ठिकाण गाळा, कामगिरी गाळा. पण इंजिन बंद पडले, हवामान फिरले की हात चुकला, यात शत्रूच्या उपयोगाचे काय आहे? ही काळजी नवी नाही. 2014 मध्ये बरेलीत चीता पडल्यावर लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी ही जुनी हेलिकॉप्टरे बाद करा म्हणून मोहीम काढली, तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापर्यंत गाऱ्हाणे नेले. बदली म्हणून तयार झालेल्या लाइट युटिलिटी हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण 2016 चे. एवढी वर्षे गेली, तर निदान असलेल्या यंत्रावर शिकवणे तरी नेमके हवे.

विनंती एवढीच. तुमच्या कमांडमधल्या हेलिकॉप्टर अपघातांचे सार वर्षातून एकदा प्रसिद्ध करा. त्या पायलटांनी आपत्कालीन उतरण्याचा सराव शेवटचा कधी केला होता, सिम्युलेटरवर किती आणि प्रत्यक्ष हवेत किती, आणि अपघातानंतर शिकवण्यात काय बदलले, हे त्यात असू द्या. मला उत्तर आले नाही तरी चालेल. गांधीनगरच्या वर्गात ते वाचून दाखवा.

कळावे,
नाशिकरोडचा एक रहिवासी