कोंबड्या मेल्या, हे सांगायचे कुणी?

बर्ड फ्लूची बातमी आली की आपल्याकडे चर्चा एकाच गोष्टीची होते: चिकन खायचे की नाही? दर कोसळतात. मग एखादा मंत्री कॅमेऱ्यासमोर तंगडी खाऊन दाखवतो आणि महिनाभरात सगळे विसरतात. या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ७० अंश सेल्सियसच्या वर नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. अवघड प्रश्न कुणी विचारत नाही. शेडमध्ये पहिल्या पन्नास कोंबड्या मेल्या, तर मालकाने ते सरकारला का कळवावे?

भारतात या रोगाची पहिली नोंद आपल्याच राज्यात झाली. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर, फेब्रुवारी २००६. गुजरातच्या सीमेवरचे हे गाव अंड्यांच्या धंद्यावर उभे आहे. शेडमालकांत मुस्लिम कुटुंबे बरीच आणि शेडवर राबणारे हात आसपासच्या आदिवासी पाड्यांवरचे. मरतुक सुरू झाली तेव्हा ती आधी राणीखेतची समजली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१वर शिक्कामोर्तब केले, तोवर दिवस निघून गेले होते. मग तीन किलोमीटरच्या परिघात सरसकट पक्षी मारले गेले. सीमेपलीकडे उच्छललाही तेच झाले. पंधरा वर्षांनी, २०२१च्या फेब्रुवारीत, त्याच नवापुरात पुन्हा लाखो कोंबड्या खड्ड्यात गेल्या.

आता परिघ एक किलोमीटरचा आहे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. पक्षी मारायचे, पुरायचे, शेड निर्जंतुक करायचे, हे तंत्र आपल्या पशुसंवर्धन खात्याला चांगले जमते. माझा आक्षेप त्या तंत्रावर नाही. ते सुरू होण्याआधी जे दिवस जातात, त्यांच्यावर आहे.

२००९च्या कायद्याने मालकाला रोगाची खबर देणे बंधनकारक केले. भरपाईचा अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा. पण ही भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने मेलेल्यांची नाही. त्यामागचा विचार असा की मालकाने लवकर सांगावे. प्रत्यक्षात काय होते? मालक पहिल्या दिवशी फोन करतो. नमुने घेतले जातात, ते भोपाळला जातात, अहवाल येतो, आदेश निघतो. या काळात रोज मरणारी कोंबडी त्याच्या हिशेबातून वजा होत जाते. प्रामाणिकपणा त्याने दाखवला, उशीर यंत्रणेचा झाला आणि तोटा मात्र पुन्हा त्याचाच. वर शेड काही महिने रिकामे आणि बँकेचा हप्ता चालू. शेजारचा मालक हे सगळे पाहत असतो. उद्या त्याच्याकडे मरतुक सुरू झाली, तर रात्रीतून गाडी भरून मिळेल त्या भावात माल विकायचा मोह त्याला होणारच. तो मोह नुसत्या कायद्याच्या धाकाने जाणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. भरपाईची मोजणी पक्षी मारले त्या दिवसापासून नको, खबर दिली त्या दिवशी शेडमध्ये जितके जिवंत पक्षी होते त्यावर व्हावी. यात लबाडी होईल, आकडे फुगवले जातील, असे अधिकारी म्हणतील. त्यावर उपाय आहे. ज्या फार्मची नोंदणी आहे, जाळ्या लावलेल्या आहेत, रोजच्या मरतुकीची वही ठेवलेली आहे, त्यांनाच हा नियम लागू करा. त्यामुळे वही ठेवायचीही सवय लागेल. दुसरे, मजुरांचे पाहा. शेड बंद पडले की पाड्यावरच्या बाईचा रोज बुडतो. भरपाईच्या हिशेबात ती कुठेच नाही. तिसरे, ब्रॉयलरच्या करारात पक्षी कंपनीचे आणि शेड शेतकऱ्याचे असते. पक्ष्यांची भरपाई दिली, पण रिकाम्या शेडचे काय?

थोडे आपल्या मोहल्ल्याकडेही पाहू. चिकन सेंटर चालवणारे बरेचसे आपले लोक. चार फार्मची कोंबडी एकाच जाळीत येते आणि तीच जाळी न धुता गाडीतून परत कुठल्या तरी फार्मवर जाते. रोगाला याहून सोयीचा रस्ता कोणता? मेलेली कोंबडी हलाल नाही, हे दुकानातल्या पोरालाही माहीत आहे. पण मान टाकलेली, डोके सुजलेली, तुरा निळा पडलेली कोंबडी निम्म्या भावात दारात आली तर? ती घेणारा गिऱ्हाइकाआधी स्वतःला धोक्यात घालतो, कारण जिबह करताना, पिसे काढताना, आतडी साफ करताना हात त्याचाच असतो. आपल्या देशात हा रोग माणसाला क्वचितच झाला आहे. पण २०२१मध्ये एच५एन१ने हरियाणातला एक मुलगा दगावला, हेही खरे आहे.

मशिदीच्या कमिट्या आणि बाजारातल्या जमाती इज्तिमाची व्यवस्था उत्तम करतात. जाळ्या धुण्यासाठी बाजारात एक नळ, एक हौद आणि जंतुनाशकाचा डबा ठेवणे त्यांना जड नाही. दुकानदारांनी हातमोजे आणि मास्क वापरावेत, आठवड्यातून एक दिवस दुकान रिकामे करून धुवावे. हे आपण सरकारला न विचारता करू शकतो. भरपाईचा नियम मात्र सरकारनेच बदलायला हवा, आणि तो पुढची साथ येण्याआधी बदलायला हवा. साथ आल्यावर पुन्हा तंगडी खाण्याचेच फोटो निघतील.