वळवाआधीची सही

हा अंक हाती पडेल तेव्हा फेब्रुवारी सरत आलेला असेल. आकाश निरभ्र, दुपारी नुकता चटका जाणवू लागलेला, आणि महापालिकांच्या कचेऱ्यांत ‘मान्सूनपूर्व कामे’ ही फाईल अजून कपाटातच. नालेसफाई असो की होर्डिंगची तपासणी, आपण सगळे अभियंते डोळ्यांसमोर मे महिनाअखेर धरून चालतो. ती मुदत नैर्ऋत्य मोसमी पावसासाठी आहे. अचानक सुटून माणसे चिरडणारा वारा त्याआधीच येऊन गेलेला असतो.

९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारसच्या मंदिराजवळ जुना कडुनिंब पत्र्याच्या शेडवर पडला, ७ जण गेले. आठवडाभराने, १७ एप्रिलला, पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात महामार्गाच्या सेवा रस्त्यालगतचे होर्डिंग कोसळून ५ जण गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा फलक आडवा झाला, १७ जण दगावले, सत्तरहून अधिक जखमी झाले. त्याच दुपारी वडाळ्यात बांधकाम चालू असलेला पोलादी पार्किंग टॉवर रस्त्यावर आला. यांतली एकही तारीख ३१ मेच्या पुढची नाही.

पारसची माणसे वादळापासून वाचायला शेडखाली जमली होती. किवळ्याची माणसे पंक्चरच्या दुकानापाशी, होर्डिंगच्या आडोशाला थांबली होती. वळीव सुटला, डोळ्यांत धूळ गेली, की दुचाकीवरचा माणूस जे पहिले छप्पर दिसेल त्याखाली शिरतो. त्याला दुसरे सुचणार तरी काय? फलक उभारताना आपण त्याला जाहिरातीचा सांगाडा म्हणतो. वादळाच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत तो निवारा होतो, आणि त्याची गणिते निवाऱ्याची म्हणून कोणी केलेलीच नसतात.

गणिताचेच बोलू. वाऱ्याच्या भाराची भारतीय संहिता आयएस ८७५, तिच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. पुण्यासाठी तो ३९. ४४ च्या वेगाला दाब येतो चौरस मीटरला साधारण ११८ किलो. आकारगुणक बाजूला ठेवला तरी ४० फूट बाय ४० च्या फलकावर हे सतरा-अठरा टन होतात आणि छेडानगरच्या फलकावर दीडशे टनांच्या वर. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची होती. बाजू तिप्पट केली की क्षेत्रफळ नऊपट होते, आणि फलकाचा मध्य त्याच प्रमाणात वर गेला तर पायावरचा ओव्हरटर्निंग मोमेंट, म्हणजे फलक उलथवणारा जोर, सत्तावीसपट. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तपासणीत छेडानगरच्या फलकाचा पाया ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापुरताच असल्याचे निघाले. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पायाची ताकद हवी त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नव्हती. ही चूक हाताने आकडेमोड करणाऱ्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यालाही दिसली असती.

पण सगळीच ढिलाई इतकी ढळढळीत नसते. आपल्यापैकी अनेक जण होर्डिंगला ‘तात्पुरते बांधकाम’ धरून जोखीम गुणक लावतात. ४४ च्या पट्ट्यात पाच वर्षे आयुष्य धरले की हा गुणक ०.७३ येतो. वेग एवढ्याने घटला की दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. संहितेत ते बसते, म्हणून कोणी बोट ठेवत नाही. तो फलक मात्र पंधरा-वीस वर्षे त्याच चौकात उभा असतो. परवाना दर वर्षी नवा होतो, गुणक पहिल्या दिवसाचाच राहतो. रस्त्यालगतच्या कोणत्याही फलकाला हा गुणक लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहीबद्दलही लिहायलाच हवे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका एजन्सीने माझ्यापुढे चाळीसेक फलकांच्या स्टॅबिलिटी सर्टिफिकेटचा गठ्ठा ठेवला. सोबत फोटो होते, तेही रस्त्यापलीकडून काढलेले. मी दोन जागा पाहायला मागितल्या. एका ठिकाणी फुटपाथच्या नव्या काँक्रीटने बेस प्लेट पुरती झाकली होती. फोडून पाहिले तर चारपैकी दोन अँकर बोल्टच्या नटांचा नुसता गंज उरला होता. गठ्ठा मी परत केला. आठवड्याभरात त्यावर दुसऱ्या कोणाची तरी सही झाली, हे मला नंतर कळले. संबंधितांना लेखी कळवायला हवे होते, ते मी केले नाही. आजही त्या चौकातून जाताना मान वर होते.

झाडांच्या बाबतीतही आपले हात स्वच्छ नाहीत. रस्ता काँक्रीटचा करताना, गटाराची लाइन टाकताना कडेच्या गुलमोहराची एका बाजूची मुळे जेसीबीने तुटतात आणि खोडाला चिकटून पेव्हर बसतात. झाड दोन-तीन वर्षे हिरवे राहते, आणि एका एप्रिलच्या संध्याकाळी मुळांसकट आडवे होते. पंचनाम्यात कारण लिहिले जाते ‘सोसाट्याचा वारा’.

मोसमी वारा दिवसचे दिवस वाहतो, त्याची चाहूल आधी लागते. वळवाच्या ढगातून पावसाने गार झालेली जड हवा खाली आदळते आणि जमिनीसरशी पसरते. तिचा झोत काही मिनिटांत येतो, तोही कोणत्याही दिशेने. हवामान खात्याचा तात्कालिक इशारा पुढच्या तीन तासांपुरता असतो. तेवढ्यात बोल्ट बदलता येत नाही, पाया खोल होत नाही.

म्हणून फलकांची तपासणी मार्चअखेर संपवा. बेस प्लेटवरचे काँक्रीट फोडून पाहा, वेल्ड घासून पाहा, मूळ नकाशा मागा. नकाशा नसेल तर प्रमाणपत्र देऊ नका, आणि नकार लेखी कळवा. फलकाची जागा रेल्वेची की पालिकेची, हा वाद वकिलांना घालू द्या. एप्रिल-मेमध्ये इशारा येताच फ्लेक्स उतरवण्याची अट करारातच घाला, कारण उघड्या सांगाड्यावर वाऱ्याचा भार कितीतरी कमी येतो. त्यासाठी प्रत्येक फलकाला वर जायची धड शिडी आणि सुरक्षापट्टा अडकवायची जागा लागेल. तीही याच फेरीत पाहून घ्या.