खेळाची क्रेडिट खुर्चीत बसून
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

२० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आपल्याच खात्याचा. पदवीच्या मुलांनी योग, क्रीडा, आरोग्य, एनएसएस, एनसीसी यांतूनही क्रेडिट मिळवावीत असं त्यात आहे. मालवणात आम्हा पालकांना ते वाचून बरं वाटलं होतं. आता विचारायचं आहे की ही क्रेडिट मिळवताना मुलं हलतात कधी?

एका क्रेडिटला प्रात्यक्षिकाचे ३० तास, दोन क्रेडिटना ६०. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ४ तास, म्हणजे २४० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. आपला कागद खरा झाला असता तर आमची पोरं त्याच्या कितीतरी पुढे गेली असती. माझ्या मुलीने क्रीडा विषय घेतला आणि तिच्या वाट्याला आला वीस पानांचा प्रकल्प. कबड्डीचं मुलींचं मैदान १२ मीटर बाय ८ मीटर, पट्टीने आखलेलं, रेषा लाल शाईत. पुढे व्यायामाचे फायदे, दहा मुद्दे. ते लिहायला ती रात्री उशिरापर्यंत खुर्चीत बसली होती. तोंडी परीक्षा झाली, क्रेडिट जमा झाली. मैदानाचं विचारलं तर म्हणाली, "आमका कोण मैदानार नेतच नाय."

व्यायाम केल्याची नोंद बसून लिहून घेणं ही फसवणूक आहे, आणि ती सरकारी शिक्क्याने होते आहे.

मी कॉलेजला दोष देत नाही. तिथले शारीरिक शिक्षणाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. कार्यभार वाणिज्यच्या सरांकडे आहे आणि ते स्वतः तासिका तत्त्वावर. ते प्रकल्प लिहून घेणार नाहीत तर काय करतील? पहिलं सत्र सगळं पावसात जातं. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मैदानात चिखल, आणि छप्पर असलेला हॉल नाही. मसुऱ्याची, देवबागची पोरं एसटीच्या वेळेला बांधलेली. शेवटचा तास सुटला की स्टँडकडे धाव, तेवढीच त्यांची दिवसाची धाव.

२०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासात २०२२ सालचे आकडे आहेत. भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. २००० साली हे प्रमाण २२ टक्के होतं. २०२२ मध्ये पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७. आमच्या मुली त्या ५७ मध्ये जाऊन बसायच्या वाटेवर आहेत, आणि त्यांच्या आज्या याच किनाऱ्यावर डोक्यावर माशांची टोपली घेऊन गावोगाव चालत. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत, कुणाच्या मुलीने ती टोपली पुन्हा उचलावी असंही नाही. पण त्या कष्टांच्या जागी आपण मुलींना काय दिलं?

दर डिसेंबरात चिवल्याच्या किनाऱ्यावर राज्यभरातले पोहणारे सागरी स्पर्धेला येतात. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. समुद्र इथला, शिकवणारे इथले. मग इथल्या कॉलेजच्या मुलीला पोहण्याची क्रेडिट का मिळू नयेत?

आम्ही निवेदनं दिली. पोच मिळाली, उत्तर नाही. पाठपुरावा केला तर "वरून आदेश नाहीत" एवढंच ऐकलं. ते वरचे म्हणजे आपण, म्हणून हे पत्र थेट आपल्याला आणि सर्वांसमक्ष.

क्रीडा आणि योगाच्या क्रेडिटसाठी लेखी प्रकल्प चालणार नाही, असा स्पष्ट आदेश काढा. शारीरिक शिक्षणाची रिक्त पदं कायमस्वरूपी भरा, तासिकेवर नकोत. कोकणातल्या कॉलेजांना पावसाळ्यासाठी हॉल द्या, निदान दोन कॉलेजांत मिळून एक. डिसेंबर ते मार्च जीवरक्षकांच्या देखरेखीखाली पोहणं हे प्रात्यक्षिक म्हणून मान्य करा. नवीन सत्र जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी लेखी उत्तर हवं, आणि त्यात कोणतं पद कोणत्या तारखेला भरणार ते लिहिलेलं हवं.

मालवणातील एक पालक