उजव्या दिव्याचे तीन अर्थ

वाईला जाणाऱ्याने खंबाटकी घाट उतरल्यावर सुरूर फाट्यावर पुणे-बेंगळूरु महामार्ग सोडायचा असतो. जिथे प्राज्ञपाठशाळा आहे, जिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हयात काढली, त्या गावच्या फाट्यावर वाद घालायचा तर वादाची रीत पाळली पाहिजे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला आपलाच वाटेल असा, आणि मगच खंडनाला हात घालायचा. वादाचा विषय मात्र शास्त्राचा नाही. गाडीला दोन्ही बाजूंना बसवलेला आणि बहुधा विझलेलाच राहणारा तो पिवळा दिवा, एवढाच तो आहे.

पूर्वपक्षाचा पहिला युक्तिवाद शिरवळपासून पेठनाक्यापर्यंत कोणत्याही धाब्यावर ऐकायला मिळतो. "इंडिकेटर दिला की मागचा जास्तच रेटतोय. न देता घुसलं तरच जागा मिळती." हा युक्तिवाद खोटा नाही. उजव्या लेनमध्ये यायचे म्हणून दिवा लावावा, तर आरशातली लांबची मोटार एकाएकी जवळ येऊ लागते, आणि मघाशी दोन ट्रक मावतील एवढी असलेली फट बघता बघता बुजते. अनुभवावरून काढलेला निष्कर्ष म्हणून तो ऐकून घेतला पाहिजे.

पण मागचा वेग का वाढवतो? आपल्याकडे दिवा आणि गाडी एकदमच वळतात, हे तो शिकलेला आहे. दिवा लागला याचा त्याने लावलेला अर्थ 'हा काही वेळाने येणार आहे' असा नसतो, 'हा आलाच' असा असतो. मग आधी आपण निघून जावे, असे त्याला वाटते. थोडे गणित करू. ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा होते. मधला आकडा धरला तर तीन उघडझापांना दोन सेकंद लागतात. म्हणजे तीनदा दिवा लुकलुकेपर्यंत मागची मोटार ५५ मीटर पुढे आलेली असते. ज्याने दिवा लावला आणि पहिल्याच लुकलुकीबरोबर स्टिअरिंग फिरवले, त्याने मागच्याला इशारा दिलेलाच नाही, घडून गेलेली गोष्ट फक्त कळवली.

चार-पाच सेकंद आधी दिवा लावा. कदाचित पहिला मागचा वेग वाढवून निघून जाईल. जाऊ द्या. त्याच्या मागच्याला तोवर दिवा दिसलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा जागा देतो. यात आपले किती गेले? एका मोटारीची लांबी आणि काही क्षण. मुकाट्याने घुसणारा एवढे वाचवतो खरे, पण त्यासाठी मागच्याच्या ब्रेकवर विश्वास टाकतो. तो मागचा भरलेला बारा टायरचा ट्रक असेल, तर हा विश्वास किती भाबडा आहे हे ट्रक चालवणाऱ्यालाच विचारावे. शिवाय 'कोणी इशाऱ्याला मान देत नाही' ही तक्रार इशारा न देणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. इशाऱ्याची किंमत ज्यांनी घालवली, त्यांत तोही आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक शहाणपणाचा आव आणतो. लेनची शिस्त मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला ठीक, आमच्या हायवेला ती कशी लागू पडेल? २००२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या सहापदरी रस्त्यावर दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना मज्जावच आहे. लेन कापणाऱ्यांना टिपायला २०२४ पासून कॅमेरेही आले. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे माडप बोगद्याजवळ राजकीय नेते विनायक मेटे यांची मोटार एका अवजड वाहनावर मागून आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा काही दिवस सगळा महाराष्ट्र लेनबद्दल बोलत होता. पण तेही एक्स्प्रेसवेचे दुखणे म्हणून. इकडे सातारा-कराडला त्या चर्चेचा वारा फारसा लागला नाही, कारण आपला रस्ता 'तसला' नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

तो तसला नाही, हे मान्यच आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. एक्स्प्रेसवेवर लेन बदलणे हा बहुधा मर्जीचा मामला असतो. पुढच्याचा कंटाळा आला की माणूस बदलतो. कराड ते कासेगाव पट्ट्यात गळिताच्या दिवसांत ती मर्जी उरतच नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चाललेला असतो आणि मागून १०० च्या वेगाने मोटार येते. वेगातला फरक ८०, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ट्रॅक्टर २०० मीटरवर दिसला तर हातात नऊ सेकंद उरतात. या नऊ सेकंदांत त्या मोटारीला उजवीकडे यावेच लागणार, आणि उजव्या लेनमधल्याला ते आधी कळलेच पाहिजे. त्यात मध्येच थांबलेले वडाप, कडेला उभा केलेला टेम्पो, सहापदरीकरणाचे डायव्हर्शन, आणि सर्व्हिस रोडचा कंटाळा आला म्हणून उलट्या दिशेने येणारा मोटारसायकलस्वार (त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल, आणि त्याची भाषा एवढी सौम्य नसेल). जिथे लेन वारंवार सोडावी लागते, तिथे इशाऱ्याची गरज वाढते. मिश्र वाहतूक ही इशारा न देण्याची सबब होऊ शकत नाही. इशारा द्यायला याहून सबळ कारण सापडणार नाही.

रस्ताच वाईट आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. २०१० मध्ये सुरू झालेले देहूरोड-सातारा सहापदरीकरण किती वर्षे रेंगाळले हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या त्या नागमोडी वळणाने किती जीव घेतले, हेही सांगायला नको. एप्रिल २०१८ मध्ये विजापूरकडच्या मजुरांचा टेम्पो तिथे कठड्यावर आदळून १८ जण गेले, आणि ते वळण टाळणाऱ्या नव्या जुळ्या बोगद्यांची निकड सगळ्यांच्या तोंडी आली. वळणाचा दोष वळणाच्या माथी घालावा. पण सुरूर फाटा जवळ आला हे शेवटच्या क्षणी आठवून उजव्या लेनमधून तिरकी कड गाठणाऱ्या महाबळेश्वरच्या पाहुण्याचा दोष कोणत्या अभियंत्याच्या माथी घालायचा? सुरूर चुकले तर पुढे पाचवड आहे, तिथूनही वाईला जाता येते. चुकलेला फाटा सोडून देणे हीसुद्धा लेनची शिस्तच आहे. एमएच-१२ वाल्यांना पाहून सातारकर नाक मुरडतात आणि एमएच-११, एमएच-१० दिसले की पुणेकर. फाट्यावर तिरके जाताना मात्र सगळे पासिंग एकसारखे वागते.

आता खरा प्रतिपक्षी. याच्याबद्दल मला आदर आहे, म्हणून त्याला शेवटी घेतले. हा तीस वर्षे ट्रक चालवलेला माणूस. तो म्हणतो, आम्हाला इशारे शिकवू नका. तुमच्या मोटारी येण्याआधी या रस्त्याला भाषा होती. ती आमची होती.

होतीच. पुणे-बेंगळूरु रस्ता दुपदरी होता, दुभाजक नव्हता. पुढे ट्रक असला की मागच्याला पलीकडचे काही दिसत नसे. मागच्याने हॉर्न देऊन साईड मागायची. ट्रकवाल्याला समोरचा रस्ता दिसायचा. मोकळा असला की खिडकीतून हात हलवून तो 'ये' म्हणायचा, समोरून एसटी येत असली तर तोच हात आडवा धरून थोपवायचा. डाव्या अंगाला क्लीनर हात बाहेर काढून सायकलवाल्याला सावध करी. ट्रकच्या पाठीवरची हॉर्न देण्याची विनंती ही सजावट नव्हती, कामाची सूचना होती. ती पाटी २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने बंद केली तेव्हा अनेकांना हळहळ वाटली, ती उगाच नव्हे. अपर-डिपरलाही व्याकरण होते. या सगळ्यामागे एक मोठी गोष्ट होती. पुढे असलेल्याला जास्त दिसते, म्हणून मागच्याच्या जिवाचा थोडा भार त्याने उचलायचा. कोणत्याही परदेशी पुस्तकातून ही रीत आलेली नाही. ती टिकलीच पाहिजे, असे माझे मत आहे.

पण रात्री हात दिसत नाही, म्हणून हाताचे काम इंडिकेटरकडे आले, आणि घोटाळा तिथे झाला. उजवा दिवा लावून कोणी 'ये, उजवीकडून जा' म्हणू लागला. कोणी त्याच दिव्याने 'समोरून गाडी आहे, थांब' म्हणू लागला. आणि गाडी बनवणाऱ्याने तो ज्यासाठी बसवला, तो 'मी उजवीकडे येतोय' हा तिसरा अर्थ होताच. कायदा याच तिसऱ्या अर्थाने चालतो. पुढच्याने उजवीकडे वळण्याचा इशारा दिला असेल तर डावीकडून जाण्याची मुभा तो मागच्याला देतो. म्हणजे एकाच दिव्याकडे पाहून एक चालक उजवीकडून निघतो, दुसरा डावीकडून, तिसरा ब्रेक दाबतो, आणि तिघेही आपापल्या परीने बरोबर असतात. दुपदरी रस्त्यावर, सावकाश वेगात, एकमेकांना ओळखणाऱ्या नेहमीच्या ट्रकवाल्यांत हे निभावून जाई. अर्थ चुकला तर सुधारायला वेळ असे.

मग दुभाजक आला आणि समोरून येणारी गाडी संपली. 'ये' म्हणायचे कारण त्याच दिवशी संपले, आणि 'थांब' म्हणायचेही. ती भाषा ज्या रस्त्यासाठी जन्मली तो रस्ताच उरला नाही. एनएच चारचा अठ्ठेचाळीस झाला तरी लोक त्याला जुन्याच नावाने हाक मारतात. त्याने काही बिघडत नाही. दिव्याचा जुना अर्थ चालू ठेवण्याने मात्र बिघडते, कारण तासवडे टोलनाक्याच्या पुढे १०० ने येणाऱ्या मोटारीला तीन अर्थांतून एक निवडायला सवड नसते. म्हणून त्या जुन्याजाणत्या चालकाला एवढेच म्हणायचे, की तुमची माया ठेवा आणि दिवा मोकळा करा. दुभाजक नसलेल्या आतल्या रस्त्यांवर साईड द्यायची असेल तर हात आहेच. कायद्यालाही हाताचा इशारा मान्य आहे. महामार्गावर उजवा दिवा म्हणजे मी उजवीकडे येतोय, डावा म्हणजे डावीकडे. दुसरा अर्थ नाही.

चारी दिवे एकदम लावून पावसात किंवा बोगद्यात चालणाऱ्यांचाही निकाल इथेच लागतो. चारी लुकलुकत असताना डावे-उजवे सांगायला दिवा उरतच नाही. 'सरळ जातोय' म्हणून चौकात चारी लावणाऱ्याची अर्धी गाडी दुसऱ्या ट्रकने झाकली, तर बघणाऱ्याला एकच दिवा दिसतो, आणि गाडी वळणार असे वाटते.

उजव्या लेनमध्ये ठाण मांडणाऱ्या ट्रकांबद्दलही न्यायाने बोलू. डावी लेन खड्ड्यांची, ट्रॅक्टरची, दुचाकींची. भरलेल्या गाडीचा वेग एकदा मोडला की पुन्हा जमवायला डिझेल आणि जीव दोन्ही जातात. ट्रकवाला उजवीकडे हौसेने जात नाही. पण खंबाटकी चढताना १५ च्या वेगाचा ट्रक १२ च्या ट्रकला ओलांडत अख्खा घाट अडवतो, तेव्हा त्यात गरजेपेक्षा ईर्षाच जास्त असते. आणि उजवी लेन मिळत नाही म्हणून डावीकडून मुसंडी मारणारे मोटारवाले त्या ईर्षेला उत्तर देतात, ते आरशाच्या आंधळ्या बाजूने. उजवी लेन ओलांडण्यापुरती असते, ओलांडून झाले की डावा दिवा लावून परत यायचे. हे परत येणे आपण जवळजवळ विसरलो आहोत.

'नवा पुणे-बेंगळूरु एक्स्प्रेसवे होऊ दे, मग शिस्त लागेल' असेही काही जण म्हणतात. तो प्रस्तावित रस्ता सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांतून जाईल तेव्हा जाईल. त्यावर चालणारे चालक मात्र आजच तयार होत आहेत.

आता मंडनाचा तो भाग, ज्याला पैसे आणि अधिकार लागतात. मोटारवाल्याला उपदेश करणे सोपे आहे. पण या पट्ट्यातला सर्वांत मुका वाहनचालक उसाच्या ट्रॅक्टरवर बसलेला आहे. त्याचे इंडिकेटर असतात ट्रॅक्टरला, आणि मागे दोन ट्रॉल्या, त्यावर वाढ्यांसकट रचलेला ऊस. दिवा लावला काय, हात काढला काय, मागच्याला फक्त उसाची भिंत दिसते. दर हंगामात कारखान्यांवर रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात. रिफ्लेक्टर चांगलाच आहे. पण तो एवढेच सांगतो की इथे काहीतरी आहे. ते काहीतरी आता कारखान्याच्या रस्त्याला उजवीकडे वळणार आहे, हे तो सांगू शकत नाही.

ते सांगायला शेवटच्या ट्रॉलीला तारेने जोडलेले, जळणारे दिवे लागतात. महामार्गावर एकेक ट्रॅक्टर अडवून ते तपासणे पोलिसांना जमणार नाही, पण कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच. भुईंजचा किसन वीर, यशवंतनगरचा सह्याद्री, शिवनगरचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, या सगळ्यांचे वाहतूकदारांशी हंगामाआधी करार होतात, उचल दिली जाते. करारात एक कलम घालावे: मागच्या ट्रॉलीचे डावे-उजवे दिवे जळत नसतील तर काट्यावर नंबर लागणार नाही. दिव्यांचा खर्च उचलीतून वळता करावा, किंवा निम्मा कारखान्याने सोसावा. सभासद ज्या वार्षिक सभेत उसाच्या दरावर तासन्‌तास बोलतात, त्या सभेत हा ठराव मांडायला कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही.