पेशी थकते, आणि खिसाही

रक्ताचा कर्करोग केमो घेऊनही उलटला, की हल्ली डॉक्टर एक नवे नाव घेतात: कार-टी. हे काय आहे ते आपल्या वस्त्यांना कळले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आपल्या रक्तात टी पेशी असतात. शत्रू ओळखून मारणे हे त्यांचे काम. पण नुसती ओळख पटून भागत नाही. सोबत दुसरा इशारा मिळाला तरच त्या नीट कामाला लागतात. लढाई संपली की बहुतेक मरतात, थोड्या आठवण धरून मागे राहतात. मात्र शत्रू हटलाच नाही आणि पेशींना सतत चेतवत राहिले, तर त्या थकतात. रक्तात दिसतात, पण मारत नाहीत. सलग नाइट ड्युटी केलेल्या कोणत्याही सिस्टरला हे वेगळे समजवावे लागणार नाही!

कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांना कर्करोगाच्या पेशीवरची सीडी19 ही खूण ओळखायला लावतात. दुसऱ्या इशाऱ्याचा तुकडाही आतच जोडतात. तो सीडी28चा असला तर पेशी झपाट्याने लढतात, पण लवकर थकतात. 4-1बीबीचा असला तर दमाने घेतात, आठवण धरतात, जास्त टिकतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या, 2023 मध्ये परवानगी मिळालेल्या नेक्सकार19 मध्ये हा दमाने घेणारा तुकडा आहे.

परदेशात याच प्रकारच्या उपचाराला 3-4 कोटी लागतात, इथे 30-40 लाखांच्या आसपास. म्हणून सगळे त्याला स्वस्त म्हणतात. कोणाला स्वस्त? नाक्यावर काम शोधणाऱ्याला, की चार घरची धुणीभांडी करणारीला? या दोन्ही संस्था केंद्र सरकारच्या पैशावर चालतात, आणि त्या पैशात आपण काडेपेटीवर भरलेला करही आहे. गरीब रुग्णाचा सगळा खर्च सरकारने उचलावा, ही आमची सरळ मागणी आहे. मेहरबानी नको.

हा उपचार हमखास नाही, प्रत्येक कर्करोगावर चालतही नाही. त्यामुळे पहिला केमो अर्धवट सोडू नका. आणि कोणी कार-टी सुचवलेच, तर दागिने मोडण्याआधी रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात जा.