औषधाची गोळी आणि नशेची भुकटी

परीक्षा जवळ आली कीं, रात्रभर जागतें ठेवणारी एखादी गोळी मिळेल काय, अशी कुजबूज विद्यार्थ्यांत सुरू होते. उलटपक्षीं, ज्या मुलास डॉक्टरांनीं ती विचारपूर्वक लिहून दिली, त्याचे आईबाप 'ही तर नशा' म्हणून कचरतात. आमच्या मतें दोन्ही चुकांचें मूळ एकच: पदार्थ तेवढा पाहावयाचा, तो कोणीं, कोणास, किती व कसा दिला, हें पाहावयाचें नाहीं.

मेथिलफेनिडेट हें औषध स्वित्झर्लंडांतील सिबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ पॅनिझोन यांनीं १९४४ सालीं तयार केलें. ज्या मुलाचें चित्त कोठेंच ठरत नाहीं व चंचलता अनावर असते, त्यास तें देतात. त्यानें मेंदूंतील डोपामिन वाढतें. 'एमडी' म्हणून विकलें जाणारें मेफेड्रोनहि डोपामिन वाढवितें. मग भेद कशांत?

गोळी पोटांतून हळूहळू भिनते. डॉक्टर अल्प मात्रेनें आरंभ करतात. नाडी, रक्तदाब, वजन व उंची तपासतात. भूक वा झोप उडाल्यास मात्रा बदलतात. नाकानें ओढलेली भुकटी मात्र एकदम मेंदूवर आदळते, उतरतांच पुनः हवीशी वाटते, आणि तींत काय मिसळलें आहे हें घेणाऱ्यास ठाऊक नसतें. मेफेड्रोन २०१५ सालीं अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आलें; तरी २०२४ च्या फेब्रुवारींत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत पोलिसांना त्याचे शेंकडों किलो सांपडले!

म्हणून गोळी निर्धोक, असें मात्र कोणीं समजूं नये. मेथिलफेनिडेटहि त्याच कायद्याच्या यादींत आहे. मित्राच्या डबींतून उसनी घेतली कीं तिच्यामागील तपासणी व देखरेख संपली, आणि ती भुकटीच्या पंक्तीस जाऊन बसली.

तोंडवलीच्या मुलांना हें समजण्यास ग्रंथ नको. समुद्र तोच; परंतु तांडेल वारा व भरती पाहून होडी लोटतो, आणि पावसाळ्यांत ती किनाऱ्यावर ओढून ठेवतो. त्यालाहि धोका आहेच, पण तो जाणून घेतलेला. खवळलेल्या लाटांत हौसेनें उडी घेणाऱ्याची गोष्ट निराळी.

पालकांनो, मुलास औषधाची गरज असेल तर लाजूं नका. शंका डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नव्हे. आणि विद्यार्थिमित्रांनो, अभ्यास स्मरणांत पक्का होतो तो झोपेंत. उसन्या जागरणानें मिळविलेली रात्र दुसऱ्या दिवशीं व्याजासह परत द्यावी लागते.