सात पिढ्यांचा सातबारा

शेतकऱ्याला त्याच्या खापरपणजोबाचे नाव विचारा. तो जरा वेळ आभाळाकडे पाहील आणि मग तुम्हाला एक बांध दाखवील. “हा त्यांनी घातला,” म्हणेल. नाव सांगता येणार नाही, पण बांध अचूक सांगेल. लेखणीवर पोट भरणाऱ्या घराण्यांनी आपले जाडजूड कुलवृत्तांत छापून ठेवले आहेत. मूळपुरुष, गोत्र, शाखा, कोण कुठे मुन्सफ होता, कोण कुठे सुभेदार, सारे काही त्यांत मिळते. नांगर धरणाऱ्याचा कुलवृत्तांत कोणी छापत नाही. तो सरकारने लिहून ठेवलेला असतो, आणि तोही त्याच्या कौतुकासाठी नव्हे, शेतसाऱ्यासाठी!

आमचे गाव इंदापूर तालुक्यातले, नीरेच्या काठचे. मी पोटासाठी पुण्यात आलो तो पुण्याचाच झालो. पण गावच्या उताऱ्यावर नाव आहे, म्हणून अजून स्वतःला शेतकरी म्हणवून घेतो. माझ्या वाट्याला दीड एकर जमीन आहे. बाजरीच्या कणसांपेक्षा तिच्यावर कागदच जास्त पिकतात असे आमचे कुटुंब म्हणते, आणि त्यात काही खोटे नाही. तर यंदा चुलत्यांनी निरोप धाडला: “वाटणी कायम करायची आहे, तलाठ्याला वंशावळ पाहिजे. तू शिकलेला, तू लिही.”

वंशावळ म्हणजे काय, प्रतिज्ञापत्रावर चार नावे लिहायची, बाण काढायचे आणि खाली सही करायची. तालुक्याला टेबल मांडून बसलेला लेखनिक ती दहा मिनिटांत करून देतो. पण मला मूळपुरुषापर्यंत जायची हाव सुटली. आमच्या घरात अशी वदंता की, मूळपुरुष सरदाराच्या पदरी शिलेदार होता आणि त्याला तलवारीच्या जोरावर जमीन मिळाली. गावातल्या प्रत्येक घरात असा एक शिलेदार आहेच. इतके शिलेदार एका गावात असताना त्या काळी नांगर कोण धरीत होते, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे.

शोध खालून वर करायचा असतो. आजचा सातबारा संगणकावर मिळतो. त्यावर गट नंबर असतो. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव तुकडे जोडून गट पाडले गेले, तेव्हा गटावरून जुना सर्व्हे नंबर काढावा लागतो. तो सापडला की फेरफाराची वही उघडायची. कोणी मेला, वाटणी झाली, जमीन गहाण पडली, की या वहीत एक नोंद पडते आणि सातबाऱ्यावरच्या जुन्या नावाला कंस होतो. आमच्याकडे माणूस मेला तर ‘देवाघरी गेला’ म्हणतात. तलाठी म्हणतो, ‘कंस झाला’. ही हक्कनोंदणी 1903 च्या कायद्याने सुरू झाली, तिच्या आरंभीचा कागद म्हणजे कडईपत्रक. तिथपर्यंत बाळबोध अक्षर कसेबसे साथ देते. पुढे मोडी.

मोडी वाचणारे आता थोडे उरले. त्यातून 2023 साली कुणबी नोंदी तपासण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यापासून त्या थोड्यांना भलताच भाव आला. मला एक म्हातारे जाणकार भेटले. त्यांनी पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी पढवल्या. फसली सनात 590 मिळवा म्हणजे इंग्रजी साल येते. आणि नावापुढचा शब्द नीट पाहा. ‘बिन’ म्हणजे अमुक बापाचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमुक नवऱ्याची बायको. हे समजले नाही तर घोटाळा ठरलेला, कारण आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव. राणू बिन बाळू, बाळू बिन राणू, पुन्हा राणू बिन बाळू, अशी फुगडी शंभर वर्षे चालते. आडनाव तर जुन्या कागदांत बहुधा नसतेच. मग एक राणू कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे सर्व्हे नंबरावरून ओळखायचे. माणसे नावे बदलतात, जमीन जागा बदलत नाही.

पण या सगळ्या कागदांत माझा जीव जडला तो 1918 सालच्या एका नोंदीवर.

त्या वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. गावच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात ऑक्टोबरची पाने इतर महिन्यांच्या कितीतरी पट भरली आहेत. मरणाचे कारण म्हणून एकच शब्द खालपर्यंत उतरला आहे: ताप, ताप, ताप. कोतवालाला दुसरे काय कळणार! आमच्या घरचे तीन भाऊ. त्यांतले दोन आठ दिवसांत गेले. मधल्याला मूलबाळ नव्हते आणि त्याची बायकोही त्याच तापात गेली. थोरला माझा पणजोबा. त्याच्या मागे बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे आमचे आजोबा.

धाकटा दीर जगला. त्याने अर्ज दिला की कुटुंब एकत्र आहे, सबब माझे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लावावे. सातबाऱ्यावर याला थोडक्यात ‘ए. कु. मॅ.’ म्हणतात, आणि या तीन अक्षरांखाली किती पोरक्या पोरांच्या जमिनी मुकाट्याने गडप झाल्या, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण आमची पणजी उठली आणि तिने तक्रार दिली. मुलगा अज्ञान आहे, त्याचे नाव वेगळे लागावे आणि पालनकर्ती म्हणून माझे लागावे, हे तिचे म्हणणे. प्रकरण तक्रारी नोंदींच्या रजिस्टरात गेले, सर्कल साहेबांपुढे जबाब झाले. तिच्या जबाबाच्या पाच ओळी आहेत. नवऱ्याच्या मरणाआधीच चुली वेगळ्या झाल्या होत्या, बैल वेगळे होते, बांध पडला होता. पंचांना विचारा, एवढेच तिने सांगितले आहे. कुठे रडगाणे नाही, आळ नाही. खाली डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.

निकाल तिच्या बाजूने झाला. बारा एकरांतले सहा मुलाच्या नावे लागले आणि पुढे ‘अ. पा. क.’ म्हणून तिचे नाव आले. मुलगा सज्ञान झाल्यावर त्या नावाला कंस झाला. सात पिढ्यांच्या कागदांत, आमच्या घरात आलेल्या बायकांपैकी जमिनीच्या उताऱ्यावर नाव लागले ते या एकटीचे. आणि तेही नवरा मेला आणि पोर लहान होते म्हणून. तो जगता तर तिचे नाव मला कधी कळलेच नसते. आजोबा तिला नुसती ‘आई’ म्हणायचे, आणि त्यांना विचारणारे कोणी मी असताना मला विट्टीदांडू प्रिय होती.

तिच्या मागच्या पिढ्या थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे कागदच थोडे आहेत. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळात आमच्या शाखेचा एकच मुलगा वाचला. त्या आधीच्या वर्षी, 1875 च्या मे महिन्यात, शेजारच्या भीमथडीत सुप्याच्या बाजारी लोकांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. त्या होळीत आमच्या घराण्याचे एखादे गहाणखत होते की काय कोण जाणे. वंशावळ शोधणारा म्हणून मला त्या कागदाची हळहळ वाटते; पणजोबांचा वंशज म्हणून वाटत नाही.

आणि मग मूळपुरुष. आमच्या इंदापूर तालुक्याला एक मान आहे: गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जी जमीनमोजणी पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात नेली, तिचा आरंभ 1835 साली इथेच झाला. त्यांच्या आधी प्रिंगल साहेबाने आकारणी केली होती. तिचा बोजा असा बसला की लोकांनी शेते टाकली आणि गावे सोडली. म्हणून नव्या मोजणीत सारा उतरवून तीस वर्षांसाठी ठरवून दिला. त्या सुमाराच्या लावणीच्या एका यादीत, पुण्याच्या दप्तरातल्या रुमालात बांधलेली, आमचा पहिला माणूस सापडला. छत्तीस एकर जमीन. नावापुढे शब्द होता, ‘उपरी’.

जाणकारांनी तो वाचून माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. जुन्या गावगाड्यात मिरासदार तो गावचा वतनी शेतकरी, त्याची जमीन वंशपरंपरेची. उपरी तो बाहेरून आलेला, लावणीने जमीन करणारा. जमिनीच्या रकान्यात ‘गतकूळ’ असेही होते. म्हणजे जिच्या मिरासदाराचे कूळ नष्ट झाले किंवा परागंदा झाले अशी. 1802 च्या सुमाराला यशवंतराव होळकरांच्या फौजा या भागातून गेल्या, पाठोपाठ 1803–04 चा दुष्काळ आला, आणि इंदापूर परगण्यातली कितीतरी गावे ओस पडली. त्या ओसाड शेतात कुठून तरी एक उपरी आला आणि त्याने नांगर घातला. कुठून आला ते यादीत नाही. तलवारीचा उल्लेख तर नाहीच!

मी हे गावी सांगितले तेव्हा चुलते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मला मात्र हा उपरी फार आवडला. शिलेदाराच्या कथेत ऐट आहे. पण दुसऱ्याचे कूळ जिथे बुडाले त्या पडीक रानात हरळी उपटीत बसायला जी छाती लागते, ती मला अधिक मोठी वाटते.

कागदाखेरीज आणखी दोन वाटा आहेत, त्याही सांगून ठेवतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात. तुमच्या गावचे कोणी तिथे अस्थी घेऊन गेले असेल, तर त्यांनी सांगितलेली नावे वहीत असतात. आणि माझ्या आजोळी, सांगोल्याकडे, हेळवी येत. सुगी झाली की बैलावर बसून दारात हजर. घराण्याच्या पिढ्या तालात म्हणून दाखवायच्या, नवे जन्म वहीत घालायचे आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जायचे. लहानपणी मला वाटे, हा मनुष्य भीक मागतो. तो खरे म्हणजे आमचा दप्तरदार होता.

आता वंशावळीचा तक्ता. छत्तीस एकरांचे तीन मुलांत बारा-बारा, दुष्काळाने वाटेकरी उरू दिला नाही म्हणून पुढच्या पिढीत बाराच, साथीनंतर सहा, आजोबांच्या दोन मुलांत तीन-तीन, आणि आम्हा भावाभावांत दीड. वंश वाढतो तशी जमीन आटते, हे लेखी स्वरूपात पाहताना अंगावर काटा येतो. तक्ता चुलत्यांपुढे ठेवला. त्यांनी बोट ठेवले ते माझ्या दोन आत्यांच्या नावांवर.

“ही कशाला? बायकांची नावे वंशावळीत घालीत नाहीत.”

खरे आहे, आजवर घातली नाहीत. आजोबा 1981 साली वारले तेव्हा दोघी आत्यांची नावे ‘इतर हक्कात’ टाकून दिली होती. तो उताऱ्यावरचा माजघरच म्हणायचा. तिथे बसायचे, ओसरीवर यायचे नाही. पुढे महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्माने हक्क दिला, 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आणखी स्पष्ट निकाल दिला. तरी गावोगाव अजून बहिणीला साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची रीत आहे. कोणाच्या वाट्याला किती गुंठे हे वकील पाहतील. मी चुलत्यांना इतकेच म्हणालो, “काका, प्रतिज्ञापत्रावर माझी सही आहे. दोन माणसे गाळून मी शपथ घेणार नाही. आणि तुमच्या आजीने अंगठा उठवला नसता, तर आज वाटायला तीन एकर कुठले होते?”

काका बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी तो जबाब पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितला. एकदा वाचला, परत एकदा वाचला. चुलत भावाने मात्र मोटारसायकल काढली आणि तो निघून गेला. यंदाच्या फराळाला त्याच्या घरून बोलावणे येईल असे दिसत नाही.

थोरल्या आत्या पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांना तक्ता दाखवायला मी मुद्दाम बारामतीला गेलो. जमिनीचे त्यांनी काहीच विचारले नाही. आजीचे नाव मात्र बोटाने चाचपून दोनदा उच्चारले. त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होते. मग स्वतःच्या नावाशी आल्या, खालची कोरी जागा पाहिली आणि म्हणाल्या, “आणि माझ्या लेकी कुठे रे?”

कागद संपला होता. त्यांच्या सुनेने खळ करून दिली, मी शेजारी दुसरा ताव चिकटवला आणि नावे लिहायला घेतली. दोघींच्या मिळून पाच लेकी, त्यांची मुले, मुलांची मुले. आता तो तक्ता टेबलावर मावत नाही. जमिनीवर अंथरावा लागतो, आणि नातवंडांना त्यावरून चालू नका म्हणून सांगावे लागते.